जंगलातला कॅमेरा घरी आणला, आता काय करू?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही ग्रँड रॅपिड्सला राहतो, मी, बायको आणि ११ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्टमध्ये गेलो होतो. ट्रेलपासून जरा आत, दोनेकशे पावलांवर, एका झाडाला शिडी आणि वर खुर्ची लावलेली दिसली, मुलगा वर जाऊन बसला, फोटोबिटो काढले. थोडं पुढे दुसऱ्या झाडाला पट्ट्याने एक कॅमेरा बांधलेला. आजूबाजूला चिटपाखरू नाही, कुलूप नाही, मला वाटलं कोणीतरी विसरलंय किंवा सोडून गेलंय, म्हणून काढून घरी आणला. घरी कार्ड लॅपटॉपला लावलं तर हरणांचे फोटो, एक नारिंगी जॅकेटवाले आजोबा बॅटऱ्या बदलताना, त्यांच्याबरोबर एक छोटी मुलगी, आणि मग आम्ही तिघं. अगदी शेवटचा फोटो माझ्या पंजाचा. बायको तेव्हापासून म्हणतेय परत देऊन या. ऑफिसातला मित्र म्हणतो फेकून दे, नसत्या भानगडीत पडू नको. माझं म्हणणं असं की जागा सगळ्यांची आहे, तिथे कोणी आमचे फोटो का काढावेत? आणि खरं सांगायचं तर आम्ही शाकाहारी, शिकार आम्हाला पटतच नाही. एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डच्या लाइनीत आहे, त्यामुळे भीतीही वाटते. काय करू?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर:

बायकोचं ऐका. ती शिडी-खुर्ची शिकाऱ्याची, वर बसून हरणाची वाट बघायची, आणि कॅमेरा हरणं कधी येतात ते टिपायला शिकाऱ्यानेच लावलेला. खरं म्हणजे उत्तर इथेच संपलं, पण तुम्ही पत्रात चारपाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात, त्या जरा बाहेर काढून बघू.

आधी तुमच्या बाजूने बोलते, कारण तुम्ही काही चोर नाही हे पत्रावरून कळतंच आहे. आपण भारतातून येतो ना, तिकडे जंगलात शिकारीचं काहीही सामान दिसलं की ते बेकायदेशीरच असतं. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, शिकार बंद, त्यामुळे रानात तारेचा फासा दिसला तर चांगला माणूस काय करेल, तर वनखात्याला कळवेल, १९२६वर फोन लावेल. आणि झाडाला कॅमेरा दिसलाच तर तो सरकारी, वाघ मोजायचा. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. म्हणजे आपल्या डोक्यात दोनच कप्पे: एक तर सरकारचं, नाहीतर चोराचं. एखाद्या साध्यासुध्या रिटायर्ड माणसाचं स्वतःच्या पैशाने घेतलेलं, कायद्यात बसणारं, सरकारी जंगलात महिना-महिना बांधून ठेवलेलं सामान, हा कप्पा आपल्याकडे नाहीच. मग आपण म्हणतो, अरेच्चा, कोणीतरी विसरलं वाटतं.

पण विसरलेली वस्तू अशी असते का हो? विसरलेला गॉगल दगडावर असतो. हातमोजा वाटेत पडलेला असतो. कोणी कॅमेरा पट्ट्याने झाडाला, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, लेन्स जनावरांच्या पायवाटेकडे तोंड करून, बकल घट्ट आवळून विसरत नाही. मराठीत किती सरळ आहे बघा, पडलेलं, टाकलेलं आणि ठेवलेलं, तिन्ही वेगळे शब्द आहेत. पडलेलं असेल ते उचलून मालकाकडे पोचवायचा प्रयत्न करायचा. टाकलेलं, म्हणजे बियरचे डबे, फुटके फुगे, रिकामी काडतुसं, ते खुशाल पिशवीत भरून आणा, पुण्य लागेल. आणि ठेवलेल्याला हात लावायचा नाही. तुमचा कॅमेरा ठेवलेला होता, तुम्ही तो पडलेला समजलात आणि टाकलेला असल्यासारखा घरी आणलात.

माझं लहानपण माणदेशातलं. आमच्याकडे गायरान होतं, म्हणजे सगळ्या गावाचं. तिथे सकाळी बायका पाट्या घेऊन शेण गोळा करायला जायच्या, आणि पाटी भरली की उरलेला पो तसाच सोडून त्यावर एक काटकी खोचायच्या. बस्स. काटकी खोचली की तो पो तिचा. पाटी घरी रिकामी करून ती तासाभराने येईपर्यंत दुसरी बाई त्याला हात लावायची नाही, आणि लावलाच तर संध्याकाळी पाणवठ्यावर जो काही उद्धार व्हायचा तो सगळ्या आळीला ऐकू जायचा. आता गायरान कोणाचं, सरकारचं. शेण कोणाच्या म्हशीचं, तर तेही तिचं नाहीच. पण वाकून, शोधून, खूण केलेली आहे ना, मग झालं. तुम्ही जागा पब्लिकची पब्लिकची म्हणताय ते बरोबरच आहे, पण एस्टी स्टँडसुद्धा पब्लिकचंच असतं, म्हणून बाकड्यावरची बॅग आपली होत नाही.

इथल्या शिडीवर अशी काटकी खोचलेली असते बरं का, आपण बघत नाही एवढंच. मिशिगनात पब्लिक जमिनीवर ट्री स्टँड, म्हणजे झाडावरची ती शिकाऱ्याची बैठक, लावायचा तर त्यावर नाव-पत्ता, नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचा, स्पोर्टकार्ड नंबर लिहावा लागतो, आणि तोही खालून उभं राहून वाचता आला पाहिजे. १ सप्टेंबरच्या आधी लावता येत नाही, १ मार्चपर्यंत काढावा लागतो, झाडाच्या सालीत घुसेल असा खिळा-स्क्रू ठोकायला बंदी. तुम्ही गेलात ऑक्टोबरात, म्हणजे ऐन मुदतीत, धनुष्यबाणाचा सीझन १ ऑक्टोबरलाच सुरू झालेला. त्या झाडाखाली मान वर करून पाहिलं असतंत तर बहुतेक नावाची पट्टी दिसली असती. गंमत म्हणजे नाव लिहिल्याने ती जागा त्याची होत नाही, नियमातच तसं म्हटलंय, तिथे दुसऱ्या कोणालाही शिकारीला बसायचा तेवढाच हक्क. म्हणजे जागेवर हक्क नाही, वस्तूवर आहे. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण तुमचा सगळा युक्तिवाद जागेवर उभा आहे.

मी स्वतः काही शहाणी नव्हते. इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघं एका तळ्याकाठी फिरत होतो, झुडपाच्या आडोशाला दोन छान फोल्डिंगच्या खुर्च्या, कोणी नाही, म्हटलं वा काय सोय केलीये सरकारने! बसलो, डबा उघडला, थालीपीठ आणि दही, निम्मं खाऊन झालं तर मागून एक काका, अंगात नखशिखांत चिखलाच्या रंगाचे कपडे, हातात बंदूक, माझा तर घास घशातच अडकला. ते बदकांच्या शिकारीला आलेले, खुर्च्या त्यांच्या. काही बोलले नाहीत, उलट म्हणाले होऊ द्या तुमचं जेवण, आणि पंधरा मिनिटं उभे राहिले. ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात. थालीपीठ दिलं तर घेतलं त्यांनी, पण ते नंतर.

असो. आता तुम्ही ज्याच्यावरून अर्ध्या वाक्यात पुढे गेलात तिथे मी थांबणार आहे. "मुलगा वर जाऊन बसला, फोटोबिटो काढले." अहो, कॅमेऱ्याचं सोडा, मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त हे खुपलं. ती शिडी पंधरा-वीस फुटांची असते, झाडाला रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळलेली. ते पट्टे उन्हाने कुजतात, खारी कुरतडतात, झाड वाऱ्याने हलतं तसे सैल होतात, आणि बांधणाऱ्याने शेवटचं कधी तपासलं हे तुम्हाला माहीत नसतं. खुद्द शिकारी लोकांना शिकवतात की वर चढताना अंगात पूर्ण हार्नेस पाहिजे, दोरी पाहिजे, आणि तरी दरवर्षी माणसं पडतात, पाठीचे मणके मोडतात. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, पन्नास वर्षं शिकार करतायत, ते स्वतःच्याच स्टँडवर सीझनच्या सुरुवातीला पट्टे बदलल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. आणि आपण ११ वर्षांचं पोर दुसऱ्याच्या शिडीवर चढवून खालून "स्माइल" म्हणतो! पुन्हा करू नका. ट्रेल सोडून चालणार असाल तर आणखी एक, जमिनीवर कुठे सापळा दिसला तर त्यालाही हात-काठी लावू नका, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून कोल्ह्यांचे वगैरे सापळे लागतात, तेही रीतसर, त्यावरही मालकाची ओळख सांगणारी धातूची पट्टी असते. कुत्रं असेल तर पट्ट्यावर ठेवा.

फोटो काढल्याचा राग. हे मला समजतं, खरंच समजतं, आपण मोकळ्या रानात फिरतोय आणि कोणीतरी टिपतंय ही भावना वाईट आहे. पण तो कॅमेरा तुमच्यासाठी नव्हता. उष्ण काहीतरी समोरून हललं की तो फोटो काढतो, त्याला हरीण आणि देशपांडे सारखेच. मालकाला बघायचं असतं नर कुठला, किती वाजता येतो, कुठून येतो. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ही मंडळी हेच करत असतात, कार्ड बदल, बॅटऱ्या बदल, वारा बघ, कारण नोव्हेंबरात नर माद्यांच्या मागे लागतात तेव्हाच्या त्या दोन-तीन आठवड्यांसाठी सगळा खटाटोप. तुम्ही कॅमेरा आणलात म्हणजे नुसती शे-दीडशे डॉलरची वस्तू आणली नाहीत, त्या आजोबांचे दोन महिने आणलेत.

आणि तुम्हाला हे कॅमेरे मुळातच नको असतील तर तसं म्हणायची रीत आहे. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला सरसकट बंदी घातली, नेवाडा आणि युटामध्येही सीझनपुरती बंधनं आहेत, आणि हे मागणाऱ्यांत शिकारीही होते बरं का, त्यांचं म्हणणं होतं की ही शिकार राहिली नाही, हा व्हिडिओ गेम झाला. मिशिगनात नॅचरल रिसोर्सेस कमिशनच्या बैठका जाहीर असतात, कोणीही जाऊन बोलू शकतं, तुम्हीही. पण एका म्हाताऱ्याचा कॅमेरा आपल्या कपाटात ठेवून धोरण बदलत नाही.

शाकाहाराचंही तसंच. मीही घरात अंडंसुद्धा आणत नाही, पण शेजाऱ्यांशी माझं छान जमतं. तुम्हाला शिकार पटत नाही, नका करू, नका खाऊ, मुलाला तुमची मतं सांगा. पण एक लक्षात ठेवा, शिकार होऊ नये म्हणून मुद्दाम सामान हलवणं, लपवणं, मोडणं हा इथे वेगळा गुन्हा आहे, पन्नासच्या पन्नास राज्यांत त्याचे कायदे आहेत. तुम्ही तसं केलं नाहीत, मला माहितीये, पण पत्रात "पटतच नाही" हे ज्या जागी आलंय ना, ते कारण म्हणून नंतर चिकटवल्यासारखं वाटतं. हरणांची दया कॅमेरा काढताना आली नव्हती, बायको बोलली तेव्हा आली. रागावू नका. (आणि जाता जाता, बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्क्यांपर्यंत केंद्राचा कर असतो, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. आपण रंग बघायला जातो त्या रानांतल्या वन्यजीवांच्या देखभालीत नारिंगी जॅकेटवाल्या आजोबांचेही चार पैसे आहेत, हे आपल्याला कोणी सांगत नाही.)

आता व्हिसा. मी वकील नाही, आणि तुम्हाला फारच काळजी वाटत असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या. पण सरळ अक्कल अशी की टाकलेलं समजून उचललं ही चूक आहे, आणि मालक आहे हे कळल्यावर ठेवून घेतलं ही वेगळीच गोष्ट आहे. तुम्ही कार्ड लॅपटॉपला लावलंत, बॅटऱ्या बदलणारे आजोबा बघितलेत, तिथे "मला वाटलं" संपलं. त्यानंतरचा एकेक दिवस तुमच्या खात्यावर आहे. चोरीचा आरोप कितीही छोट्या रकमेचा असला तरी व्हिसाच्या माणसाला तो परवडत नाही, म्हणूनच तर फेकून द्या म्हणणारा मित्र तुमचा मित्र नाही. शिवाय आणखी एक, कॅमेऱ्याला छोटा अँटेना आहे का बघा. असेल तर तो मोबाइल नेटवर्कवाला, म्हणजे तुमचा तो पंजा बहुतेक त्याच दुपारी आजोबांच्या फोनवर पोचलेला आहे, आणि त्याआधीचे तुमचे तिघांचे हसरे चेहरेही.

तर करायचं काय. आधी कॅमेऱ्यावर, मागे, बॅटऱ्यांचं झाकण उघडून आत नाव किंवा फोन नंबर आहे का बघा, बरेच लोक मार्करने लिहून ठेवतात. असेल तर सरळ फोन करा आणि जे झालं ते सांगा, गोष्ट रचू नका, "ट्रेलवर पडलेला सापडला" असलं काही नको, कार्डावर सगळं आहे. आम्हाला या गोष्टी माहीत नव्हत्या, सोडून दिलेला समजून काढला, चुकलं, कुठे आणून देऊ. बहुतेक माणसं दोन मिनिटं घुश्शात आणि मग ठीक असतात. नंबर नसेल तर तिथेच जा, त्याच झाडाला, त्याच उंचीवर, लेन्स त्याच दिशेला करून बांधा. झाड आठवत नसेल तर त्या दिवशीच्या फोनमधल्या फोटोंत लोकेशन असेल ते बघा, मुलाचा शिडीवरचा फोटो निदान एवढ्या तरी कामाला येऊ दे. अजिबातच सापडलं नाही तर बॉल्डविनला फॉरेस्ट सर्व्हिसचं रेंजर ऑफिस आहे, तिथे नेऊन द्या, कुठून काढला ते नकाशावर दाखवा.

कार्डावरचं काहीही पुसू नका. तुमचे स्वतःचे फोटोसुद्धा नाही, मोह होईल, पण मधलेच चार फोटो गायब असलेलं कार्ड कोणालाही कळतं. आणि तुमच्या लॅपटॉपवर कॉपी झाली असेल तर ती मात्र पुसा, त्यात त्यांची नात आहे.

जायचं कधी हे महत्त्वाचं. हे लिहितेय तेव्हा नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन उघडतो. आपल्याकडे पोळ्याला कसं वातावरण असतं तसं इथे उत्तरेत त्या दिवशी असतं, बऱ्याच शाळांना सुट्टी, पेट्रोल पंपावर पहाटे चारला गर्दी, रानात जागोजागी माणूस. १५च्या आधी जा, या शनिवारीच जा. पहाटे आणि संध्याकाळी नको, धनुष्यबाणवाले तेव्हाच झाडावर बसलेले असतात, तुम्ही खालून गप्पा मारत गेलात तर त्यांचा दिवस वाया आणि तुम्हालाही बरं नाही. अकरा ते दोनच्या मधे जा. डोक्यावर नारिंगी टोपी, तिघांनाही, पाच-सात डॉलरला मिळते. फिरणाऱ्यांना सक्तीची नाही, पण तपकिरी स्वेटर घालून नोव्हेंबरात मॅनिस्टीत शिरणं म्हणजे... तुम्हीच विचार करा. आणि शिडीवर कोणी बसलेलं दिसलं तर हाका मारू नका, हात दाखवा, मागे फिरा, तासाभराने या. तेच आजोबा असले तर ते स्वतःच खाली उतरतील.

कॅमेऱ्याबरोबर झिपच्या पिशवीत चिठ्ठी ठेवा. इंग्रजीत, चार ओळी, जास्त रडगाणं नको: आम्ही या तारखेला तुमचा कॅमेरा चुकून काढून नेला, सोडून दिलेला वाटला, कार्ड उघडल्यावर कळलं, तसाच परत लावतोय, बॅटऱ्या नव्या घातल्यात, मुलगा तुमच्या शिडीवर चढला होता त्याबद्दलही माफी, पट्टे एकदा तपासून घ्या. खाली नाव आणि फोन. नाव लिहायला तुमचा हात अडखळेल, व्हिसाचं भूत समोर येईल, पण निनावी चिठ्ठी चोराची वाटते आणि नावाची माणसाची वाटते, माझ्या मते तरी लिहा. बायकोचं अक्षर बरं असेल तर तिला लिहू दे.

बॅटऱ्या लिथियमच्या घ्या, डबल ए, बहुतेक आठ लागतात, झाकण उघडून मोजा. साध्या अल्कलाइन तिकडच्या थंडीत माना टाकतात. बसवून झालं की स्विच ऑनवर आहे ना ते बघा, दिवा लुकलुकेपर्यंत थांबा, आणि कॅमेऱ्याच्या समोरून न जाता मागच्या बाजूने बाहेर पडा. आजोबांचा फोन आला तर काय म्हणाले ते मला कळवा.